अवं, लाइन आली

लग्नाच्या पंगतीत मी कॉम्प्युटरची कामं करतो हे शेजारच्याला कळलं, की वरण वाढणारा पुढे सरकायच्या आत तो विचारतो, "भाऊ, तो पासवर्ड मागणं बंद करता येते का हो?" अमरावतीत बस स्टँडजवळ मी दुकान टाकलं तेव्हा लोक पासवर्ड बसवून मागायचे. घरात नवी वस्तू आली होती, तिला कुलूप पाहिजे होतं. दुकान बंद केलं तेव्हा तेच लोक कुलूप काढा म्हणून मागे लागले होते. मधल्या काळात माझे केस गेले आणि मान धरली.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी "तू कोण" म्हणून विचारतो. पासवर्ड टाकला की आत घेतो. लोकांना वाटतं, मी ते विचारणंच काढून टाकतो. तसं नसतं. एक छोटी खिडकी उघडायची, तिच्यातली बरोबरची खूण काढायची, मग ती पासवर्ड मागते, तो दोनदा टाकायचा. त्यानंतर कॉम्प्युटर रोज स्वतःच स्वतःला पासवर्ड सांगतो आणि आत जातो. म्हणजे कुलूप जागेवरच असतं, फक्त किल्ली त्यातच लावून ठेवलेली असते. गिऱ्हाइकाला मी हे असंच समजावायचो आणि पुढे जोडायचो, की उद्या कुलूप बदललं तर ही किल्ली चालणार नाही, तेव्हा मला फोन करा. किल्ली लावून ठेवली हे लोकांच्या लक्षात राहायचं, पुढचं राहायचं नाही. जे आपोआप होतं त्याची आठवण कोण ठेवतो?

हसण्यासारखे प्रसंगही झाले. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर होता आणि त्याचा पासवर्ड फक्त मुनीमजींना ठाऊक. हंगामात लाइन दिवसातून कितीदा जायची. आमच्याकडे विजेला लाइनच म्हणतात. ती आली की मुनीमजी येणार, की-बोर्डवर खांद्यावरचा दुपट्टा टाकणार आणि त्याखाली हात घालून पासवर्ड टाकणार. एकदा ते सोयरिकीच्या कामाला हिवरखेडला गेले आणि इकडे लाइन जाऊन आली. काटा बंद. कापसाच्या गाड्यांची रांग थेट रस्त्यावर, आणि रांगेतल्या शिव्या थेट मालकाच्या केबिनपर्यंत. मालकाने मला बोलावलं. मुनीमजी फोनवर पासवर्ड सांगायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, खोलीतून सगळ्यांले बाहेर काढा, मंग फक्त तुमाले सांगतो. जिनिंगमध्ये मालकाला त्याच्या माघारी ज्या नावाने ओळखायचे, तेच नाव पासवर्ड होतं. मी ते दोनदा टाकलं, कॉम्प्युटर आपोआप उघडेल असा करून दिला आणि मालकाकडचा चहा पिऊन निघालो.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तर हात दुसरीकडेच जातो. ते सांगतो. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं सांगत नाही. वलगावच्या पुढे, परतवाड्याच्या रस्त्याने आत गेलं की लागतं, एवढं पुरे.

वानखडे सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. आवाज असा की वर्गात बोलले तर बाहेर पारावर बसलेल्यांचाही पाढा पाठ व्हावा. निवृत्तीनंतर त्यांना नसांचा आजार जडला. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र शाबूत राहिलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे असंच खाली जात राहणार, छाती सांभाळा, श्वासाला जराही त्रास वाटला तर घेऊन या, थांबू नका. सरांच्या पत्नी शालूताई गावातच अंगणवाडीवर होत्या. मुलगा प्रफुल पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत. त्यानेच वडिलांसाठी सगळी सोय बसवली होती.

सोय अशी. सरांच्या उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. त्याखाली माऊस ठेवलेला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळायच्या. हवी ती ओळ आली की टिक, ओळीतलं अक्षर आलं की पुन्हा टिक. अशी अक्षरं जुळवून वाक्य झालं की यंत्र ते मोठ्याने वाचून दाखवायचं. एका वाक्याला चहा उकळायला लागतो तितका वेळ लागायचा. यंत्राचा आवाज मराठीच, पण गावात नुकत्या बदलून आलेल्या साहेबासारखा. सर वऱ्हाडी लिहायचे आणि ते यंत्र वऱ्हाडीला पार सोलून काढायचं.

मला बोलावलं ते मुंग्यांमुळे. शालूताई अंगणवाडीत गेल्या होत्या, लाइन जाऊन आली होती आणि कॉम्प्युटर पासवर्डपाशी येऊन थांबला होता. ती अक्षरं उजळवणारी सोय पासवर्ड टाकल्यानंतरच सुरू होते. त्याआधी सरांच्या बोटाला काहीच करता येत नाही. त्या दिवशी खुर्चीखालून लाल मुंग्यांची ओळ त्यांच्या पायावर चढली. शेजारीण मध्ये डोकावून गेली, तिला सर पडद्याकडे पाहत बसलेले दिसले. ताई घरी आल्या तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजला होता.

"पायाले कळते सारं, भाऊ," ताई मला म्हणाल्या. "हलत नाही, पण कळते. तुमी हे असं करून द्या की लाइन आली की आपोआप खुललं पायजे. त्यांचं तोंड हाये ते."

मी करून दिलं. लाइन आली की मशीन स्वतः सुरू व्हावं, सुरू झालं की स्वतः आत जावं, आत गेलं की अक्षरं समोर यावीत. स्वयंपाकघरात ताईंना कळावं म्हणून उघडल्या उघडल्या यंत्राने एक वाक्य बोलावं, असंही ठरवलं. कोणतं ते सरांना विचारलं. टिक, टिक, टिक. बऱ्याच वेळाने यंत्र त्याच्या साहेबी आवाजात म्हणालं, "अवं, लाइन आली."

ताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. आवाज होता तेव्हा लाइन आली की सर ओसरीवरून हेच ओरडायचे आणि अख्ख्या गल्लीला कळायचं. बायकोला नावाने हाक मारायची त्यांची पद्धतच नव्हती.

त्याच दिवशी मला त्या घरचा कायदा कळला. मी विचारलं, एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, तुमची भांडणं गावाला ऐकू जात असतील. ताई म्हणाल्या, "भांडतात कुठं? रुसतात. रुसले की चार-चार दिवस तोंड उघडत नोते. मंग मीही नाई बोलत. जेवण, पाणी, आंघोळ, समदं टायमावर. फक्त बोलायचं नाई अन् एकमेकाच्या तोंडाकडे पाह्यचं नाई. जो आधी बोलला तो हरला."

सरांचं बोट सुरू झालं. आम्ही थांबलो. यंत्र म्हणालं, "हीच हरते."

"खोटं," ताई म्हणाल्या, आणि सरांचे डोळे हसले. चेहरा हसू शकत नव्हता, पण डोळ्यांचं कळायचं. पैसे मिळाले ते मिळाले, पण त्या कामाचा मला अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो. लोकांच्या सोयीसाठी पुष्कळ कुलपं उघडी ठेवली, पण माणसाचं तोंड उघडं ठेवलं ते तिथे एकदाच.

पोळ्याला प्रफुल घरी आला. नातवंडांचे फोटो आजोबांच्या पडद्यावर आपोआप येऊन पडावेत म्हणून त्याने तो कॉम्प्युटर स्वतःच्या मेलच्या खात्याला जोडला. तसं केलं की कॉम्प्युटरचा पासवर्ड आणि खात्याचा पासवर्ड एकच होतो. त्याने मला फोन केला, "काका, जोडलं, पण आता पुन्हा पासवर्ड मागतोय." मी फोनवरून सांगत गेलो, त्याने नवा पासवर्ड दोनदा टाकला, यंत्र बोललं, तेही मला फोनमध्ये ऐकू आलं. नेहमीचं सांगणं मी त्यालाही सांगितलं, की खात्याचा पासवर्ड बदलशील तर आधी इथलं पाहावं लागेल. "हो काका, माहितीये," तो म्हणाला. माहिती होतंच त्याला. तो रोज दुसऱ्यांचं हेच सांभाळत होता.

त्यानंतरचं सगळं मला शालूताईंकडून कळलं, सर गेल्यावर.

प्रफुल दोघांना पुण्याला चला म्हणून मागे लागला होता. तिथे दवाखाने जवळ, नर्स मिळते. ताई थकल्या होत्या. सरांना रात्री कूस बदलून द्यायची, दिवसा अंगणवाडीतली पोरं सांभाळायची. एका सकाळी त्यांनी सरांना न विचारता फोनवर मुलाला हो म्हणून टाकलं. सरांनी ऐकलं. टिक टिक करून लिहिलं, "मी येणार नाही." ताई पोळ्या लाटत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तुमाले इचारून कोन राह्यलं? नेतीन तिकडं जा लागते."

हे बोलणं तोंडातून गेल्यावर त्यांना लागलंच. पण परत कसं घ्यायचं? दुपारी वारा-वादळ सुटलं आणि लाइन गेली. संध्याकाळी आली. ओसरीवरचा दिवा लागला, पंखा फिरला, आणि ताई स्वयंपाकघरात वाट पाहत राहिल्या. यंत्र बोललं नाही.

"म्या समजली, रुसले," ताई मला सांगत होत्या. "म्हटलं, तो बोलही काढून टाकला त्यांनी. एवढा राग आला."

मग घरचा कायदा सुरू झाला. जेवण भरवलं, पाणी पाजलं, अंग पुसलं, कूस बदलून दिली, सगळं वेळेवर. तोंडाकडे पाहिलं नाही. एरवी सर डोळ्यांनी हो-नाही सांगायचे, पण डोळ्यांकडे पाहिलं तर हरलो, म्हणून तेही नाही. पडद्यावर डोंगराचं चित्र होतं, त्यावर बारीक इंग्रजी होतं. नातवांचे फोटो येतात तसंच एखादं असेल, म्हणून ताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"अन् टिकटिक चालू होती, भाऊ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकटिक. म्या म्हटलं, लिहून राहिले असतीन पोराले माह्या चुगल्या. लिहा म्हटलं."

मग म्हणाल्या, "खरं सांगू का? मले बरं वाटत होतं. आजारी झाल्यापासून रुसलेच नोते ते. म्या जे केलं ते मुकाट करू देत. म्या म्हटलं, चला, माह्यावर रुसतात म्हंजे अजून पह्यलेसारखेच हायेत."

मग चार दिवसांनी पहाटे सरांचा श्वास घरघरायला लागला. गाडी करून अमरावतीला नेलं. छातीत पू झालेला होता. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं, पेशंटला दोन-तीन दिवसांपासून त्रास होत असणार, त्यांनी काही सांगितलं नाही का? सर दुसऱ्या दिवशी गेले.

तेरवी झाल्यावर ताईंचा मला फोन आला. प्रफुल पुण्याला परतला होता. वडिलांच्या कॉम्प्युटरकडे त्याला पाहवलं नव्हतं, तो तसाच झाकून ठेवला होता. त्याने आईला सांगितलं होतं, इंगळे काकांना बोलवा, बाबांनी त्यात काय लिहून ठेवलंय ते काढून द्यायला सांगा. मी गेलो. वरचं सगळं ताईंनी मला तेव्हाच सांगितलं, मग कॉम्प्युटरवरचं विणलेलं कव्हर काढलं. मी वायर लावली, बटण दाबलं. गोल फिरणारी खूण आली, फिरली, थांबली. डोंगराचं चित्र आलं आणि त्यावर इंग्रजीत ती ओळ, पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा टाका.

मला कळायला वेळ लागला नाही. किल्ली लावलेली होती, पण कुलूप बदललं होतं. प्रफुलच्या ऑफिसात कोणाचं तरी खातं कोणी उघडून पैसे काढले होते आणि सगळ्यांनी घाईने आपापले पासवर्ड बदलले होते, हे त्यानेच मला तेरवीच्या दिवशी बोलता बोलता सांगितलं होतं. मोबाइलवरून बदलला असणार. दोन मिनिटांचं काम. पुण्यात त्याचं काही अडलं नाही. इथे लाइन जाऊन आली आणि त्याच्या बापाचं तोंड बंद झालं.

ताई माझ्या मागे उभ्या होत्या. "भाऊ, एकच सांगा. तो बोल त्यांनी काढला होता काय?"

मला खोटं सुचलं नाही. खरं म्हणजे मला वाटलं, यांना बरं वाटेल. "नाही ताई. ते रुसले नव्हते. मशीन उघडलंच नव्हतं. पासवर्ड बदलला गेला, त्यामुळे ते इथंच थांबलं होतं."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं. ताई खाटेवर बसल्या.

"मंग टिकटिक?"

त्या पडद्यावर माऊस कितीही वाजवला तरी काही होत नाही, हे त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं.

"म्हंजे बोलावून राहिले होते मले," त्या म्हणाल्या. "चार दिस बोलावून राहिले होते."

मी पाणी आणून दिलं. त्यांनी घेतलं नाही. मी असल्या वेळी बोलायला फार वाईट माणूस आहे, तरी काहीतरी बोललो, की कोणालाही वाटलं असतं, मुंग्यांच्या दिवशी शेजारणीलाही काही कळलं नव्हतं. त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पासवर्ड कोणी बदलला?"

मी गप्प बसलो. या घरात गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांना वाचता येत होता, एकदाच तेवढा चुकला.

"त्याले माहीत हाये?"

"नाही. पण हा पडदा पाहिला की लगेच कळेल त्याला. त्याचं कामच हे आहे."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. आवाज अगदी अंगणवाडीतल्या बाईंचा झाला, पोरांना रांगेत बसवणारा. "मंग त्याले हे दिसलं नाई पायजे. काय करा लागते ते करा. त्याले पोरं हायेत, नोकरी हाये. बाप गेला, तेवढं बस झालं. असं कळलं तर त्याची जिंदगी गेली."

"ताई, तो विचारेल. शेवटच्या दिवसांचं बाबांनी काही लिहिलं का म्हणून."

"मंग सांगा, रुसले होते."

मी डिस्क बाहेर काढली, सोबत नेलेल्या लॅपटॉपला जोडली आणि सरांनी लिहिलेलं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. शाळेच्या आठवणी होत्या, पाढ्यांवरचा एक लेख अर्धवट राहिला होता. त्या दिवसांचं काहीच नव्हतं, असणार कुठून? मग मशीन पुसलं, सगळं नव्याने टाकलं. कुलूप नाही, खातं नाही, बटण दाबलं की सरळ उघडतं. हेच काम मी आयुष्यभर करत आलो. वाक्य मात्र पुन्हा बसवलं नाही. मी विचारलं तेव्हा ताईंनी मान हलवून नको म्हटलं.

काम आटपत होतो तेवढ्यात प्रफुलचा फोन आला. ताईंनी फोन मोठ्या आवाजावर करून माझ्यासमोर धरला.

"काका, उघडलं का?"

"मशीनमध्ये बिघाड होता, नव्याने टाकावं लागलं. पण बाबांचं लिहिलेलं सगळं शाबूत आहे. पेन ड्राइव्ह आईजवळ देतो."

"शेवटचं काय आहे त्यात? दवाखान्यात नेलं त्याच्या आधीचं?"

"त्या दिवसांचं काही नाही."

"काहीच कसं नाही? त्यांना त्रास होत होता, ते सांगणारच. मशीन चालू होतं ना?"

ताई माझ्याकडे पाहत होत्या. "चालू होतं," मी म्हणालो. "तुझ्या आईवर रुसले होते ते. पुण्याला यायच्या गोष्टीवरून. बोलायचंच नाही म्हणून बसले होते."

मग प्रफुल रडायला लागला, आणि रडता रडता चिडला. "आणि आई? आईला समजलं नाही? एवढा आजारी माणूस, त्याच्याशी कोणी अबोला धरतं का? एकदा डोळ्यांकडे पाहायचं तरी. एकदा विचारायचं तरी तिने."

मी तोंड उघडलं. ताईंनी हाताने मला थांबवलं आणि फोन स्वतःच्या तोंडाजवळ नेला.

"हो बाप्पा," त्या म्हणाल्या. "चुकलंच माहं. जेवला काय तू?"